ठाणे–नवी मुंबईची विमानप्रवासाची मागणी: विमानतळ नव्हे, प्रदेश मोजा

प्रश्न थोडक्यात असा: मी ठाण्यात राहतो, वाहतूक नियोजनात एम.टेक. करतोय. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) शहरजोडीनिहाय देशांतर्गत प्रवासी आकडे, २०११ च्या जनगणनेची जिल्हावार लोकसंख्या आणि दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर घेऊन ग्रॅव्हिटी मॉडेल बसवलं, म्हणजे लोकसंख्येबरोबर वाढणारा आणि अंतराबरोबर घटणारा प्रवास धरणारं सूत्र. सगळ्यांचे लॉग घेऊन साधं रिग्रेशन चालवलं. आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं याचं माप) बरा आला, पण अंतराचा घातांक, म्हणजे अंतराचा परिणाम किती हे सांगणारा आकडा, शून्याच्या जवळ येतोय, लहान शहरांचे अंदाज भरकटतात आणि ठाणे–नवी मुंबईचे तर स्वतंत्र आकडेच नाहीत, कारण इथला प्रवासी वर्षानुवर्षं मुंबई विमानतळावरच मोजला गेला. आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. या भागातून इतर प्रदेशांकडे नेमकी किती मागणी आहे, हे काढायचं कसं?

उत्तर:

तुमच्या अडचणींचं मुख्य मूळ एकच आहे. तुमच्याकडचे आकडे विमानतळांचे आहेत आणि तुमचा प्रश्न प्रदेशांचा आहे. खारघरहून वाराणसीला जाणारं कुटुंब आधी जायचं ठरवतं, मग रेल्वे की विमान हे ठरवतं आणि कुठल्या विमानतळावरून निघायचं हे शेवटी. हे तीन निर्णय वेगळे आहेत आणि तुमचं एकच समीकरण ते एका दमात सोडवू पाहतंय. म्हणून आधी प्रदेश ते प्रदेश एकूण प्रवास काढा, मग त्यातला विमानाचा वाटा काढा आणि मग तो विमानतळांवर वाटा.

ग्रॅव्हिटी मॉडेलला न्यूटनचं नाव चिकटल्यामुळे बरेच जण ते निसर्गनियमासारखं वापरतात. झिफने १९४६ मध्ये शहरांमधल्या प्रवासासाठी 'दोन लोकसंख्यांचा गुणाकार भागिले अंतर' असं मांडलं, ते निव्वळ निरीक्षण होतं. त्याला सैद्धांतिक पाया दिला तो अ‍ॅलन विल्सन यांनी १९६७ मध्ये. प्रत्येक प्रदेशातून किती जण निघतात, प्रत्येक ठिकाणी किती पोचतात आणि सगळ्यांचा मिळून प्रवासावर किती खर्च होतो, एवढंच माहीत असेल तर प्रवाशांची सर्वांत संभाव्य मांडणी कोणती? त्याचं गणित सोडवलं की ग्रॅव्हिटीसारखंच सूत्र निघतं. तुमच्या कामाचा मुद्दा असा की त्या मांडणीत निघणाऱ्यांच्या आणि पोचणाऱ्यांच्या बेरजा आधी हातात असाव्या लागतात. मॉडेल फक्त वाटणी करतं. ठाण्यातून एकूण किती जण उडतात हे त्याच्याकडून काढून घ्यायला गेलात, तर ते लोकसंख्येच्या घातांकातून काहीतरी उत्तर देईल, पण त्या उत्तरावर विसंबता येणार नाही.

आता झोन, म्हणजे मोजणीसाठी पाडायचे प्रदेशाचे तुकडे. इथे मी तुमचा सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात जिल्हा हे एकक अजिबात चालत नाही.

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा दिसतो, पण त्यात पालघर धरलेला आहे. तो जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे तुम्ही जिल्हावार तक्ता जसाच्या तसा घेतला असेल, तर डहाणू, जव्हार, मोखाड्याची माणसंही ठाण्याच्या खात्यात बसली आहेत. पालघर वजा केल्यावरही जिल्हा एकसंध राहत नाही. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आहे, पण तिथला प्रवासी पश्चिम द्रुतगती मार्गाने सरळ मुंबई विमानतळाला जातो. मुरबाड आणि शहापूरचं प्रवासाचं चित्र घोडबंदर रोडच्या टॉवरांपेक्षा पूर्ण वेगळं. नवी मुंबई तर दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. आणि नवा विमानतळ ज्या उलवे–पनवेल पट्ट्यात आहे तोही रायगडमध्येच. 'ठाणे' आणि 'रायगड' असे दोन झोन केलेत तर विमानतळाच्या सर्वांत जवळचा ग्राहक महाड-पोलादपूरबरोबर एका सरासरीत मिसळतो.

म्हणून महापालिका आणि तालुका या पातळीवर उतरा. मी असे झोन करीन: ठाणे शहर (घोडबंदर पट्टा वेगळा), मीरा-भाईंदर, कळवा-मुंब्रा-दिवा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर, ऐरोली ते कोपरखैरणे, वाशी ते बेलापूर, खारघर-पनवेल, उलवे-उरण, पेण-अलिबाग आणि मुंबईचे चार-पाच तुकडे. शिवाय पिंपरी-चिंचवड आणि पुणे सोडू नका. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला उतरतो आणि तिथून नवा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा असल्याने तिथे वाढीला मर्यादा आहेत, त्यामुळे पुण्याकडचा काही प्रवासी घाट उतरून येणार, हे गृहीत धरावंच लागेल. पलीकडच्या बाजूला, म्हणजे वाराणसी, कोची, जयपूर वगैरेकडे, एवढं बारीक जायची गरज नाही. तिथे विमानतळाभोवतीचे जिल्हे एकत्र करून एक प्रदेश धरला तरी चालतो.

झोनचं वजन म्हणून नुसती लोकसंख्या घेऊ नका. विमानप्रवास उत्पन्नाबरोबर लोकसंख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न मिळतं, पण तेही जिल्ह्याचंच. शहराच्या आतली वाटणी करायला जनगणनेच्या घरसूचीतले मालमत्तेचे तक्ते उपयोगी पडतात: किती घरांत चारचाकी आहे, किती घरांत इंटरनेटसह संगणक आहे. आकडे २०११ चे आहेत, २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे घोडबंदर, खारघर, उलवे यांसारख्या नंतर फुगलेल्या भागांसाठी मालमत्ता कराच्या नोंदी किंवा वीजजोडण्यांची संख्या घेऊन ते वाढवून घ्या.

हे झालं घरांचं. कामासाठी येणारा प्रवासी मात्र घरांमुळे येत नाही. ऐरोलीचं माइंडस्पेस आयटी पार्क, ठाणे–बेलापूर पट्टीतली एमआयडीसी, वागळे इस्टेट, जेएनपीए बंदर यांच्यामुळे तो येतो. त्यासाठी रोजगाराचे आकडे हवेत. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ ची आहे, जुनी आहे, पण झोनांची आपसातली प्रमाणं काढायला आजही कामाची आहे.

इथेच एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती अनेक अहवालांतून सुटलेली मी पाहिली आहे. डीजीसीएच्या शहरजोडीच्या तक्त्यात जाणारे आणि येणारे जवळजवळ समान असतात, कारण गेलेला माणूस परत येतो. त्यामुळे दिशेवरून हे कळत नाही की तो ठाण्याचा रहिवासी जयपूरला गेला की जयपूरचा व्यापारी ठाण्याला आला. पण विमानतळाची निवड या दोघांची वेगळी असते. रहिवासी घरापासून हिशोब करतो. पाहुणा ज्या पत्त्यावर जायचं आहे तिथपासून करतो आणि त्याला स्थानिक रस्त्यांची माहिती कमी असल्याने तो बहुधा जास्त उड्डाणं असलेला, ओळखीचा विमानतळ धरतो. म्हणून प्रत्येक झोनला दोन वजनं द्या, एक निघण्याचं आणि एक खेचण्याचं. दोन प्रवाह वेगळे चालवा आणि शेवटी बेरीज करा.

आता डीजीसीएच्या आकड्यांबद्दल. ते विमानाच्या टप्प्याचे असतात, प्रवाशाच्या पूर्ण प्रवासाचे नसतात. मुंबई–दिल्ली विमानात बसलेला माणूस पुढे दिल्लीत विमान बदलून श्रीनगरला जात असेल तरी तो मुंबई–दिल्लीतच मोजला जातो. त्यामुळे मोठी केंद्रं आहेत त्याहून मोठी दिसतात आणि थेट विमान नसलेल्या जोड्या शून्य दिसतात, जरी तिथले प्रवासी दुसरीकडून फिरून जात असले तरी. अमेरिकेत सरकार तिकिटांचा नमुना प्रसिद्ध करतं, त्यातून खरा उगम आणि अंतिम ठिकाण कळतं. आपल्याकडे त्या तोडीचं खुलं साधन नाही. आरक्षणांचा विकतचा डेटा विद्यार्थ्याला परवडत नाही. मग करायचं काय? दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू यांसारख्या विमान बदलण्याच्या केंद्रांना एक वेगळा घटक द्या, म्हणजे त्यांचा फुगवटा त्या घटकात जिरेल आणि अंतराच्या गुणकावर (म्हणजे त्या घातांकावर) येणार नाही. आणि ज्या जोड्यांना थेट सेवा नाही, त्यांचं शून्य हे 'मागणी शून्य' म्हणून वापरू नका. त्या जोड्या अंदाजाच्या यादीत ठेवा, कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यांवर बसवायचं त्या यादीतून काढा.

अंतराचा घातांक शून्याच्या जवळ का येतो, हे आता सांगता येईल. अंतर वाढलं की दोन प्रदेशांमधला एकूण प्रवास घटतो, पण त्या प्रवासातला विमानाचा वाटा वाढतो. या दोन वक्रांचा गुणाकार मध्ये उंचवटा असलेला येतो. ठाणे–पुणे विमानाने कोणी जात नाही. ठाणे–नागपूरला वाटा बराच आहे. ठाणे–गुवाहाटीला ज्याला परवडतं तो विमानच पकडतो, पण जाणारेच कमी. अशा उंचवट्यातून तुम्ही सरळ रेष काढलीत, तर तिचा उतार सपाटच येणार. अंतर महत्त्वाचं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या समीकरणात रेल्वे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून किलोमीटर सोडा, दारापासून दारापर्यंतचा खर्च काढा: वेळ अधिक पैसे, आणि पैशांचं वेळेत रूपांतर. ठाणे–नागपूरचा अंदाजे हिशोब पाहा. विमानतळापर्यंत दीड तास, आधी पोचायचा दीड तास, हवेत दीड तास, उतरून घरी जायला एक तास: साडेपाच तास. रेल्वे रात्रीची बारा-तेरा तास घेते, पण विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते आणि प्रवास झोपेत होतो, त्यामुळे त्या तासांची किंमत दिवसाच्या तासांइतकी धरता येत नाही. नोकरदाराला सुट्टी न घालवता पोचवणारी रात्रीची गाडी ही विमानाची खरी स्पर्धक आहे. कोकणात तर रेल्वेचं पारडं आणखी जड. मडगावची वंदे भारत ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबते, म्हणून सावंतवाडीकडे जाणाऱ्या ठाणेकरासाठी विमानाचा फायदा फारच कमी उरतो. दक्षिण मुंबईचा माणूस आणि पनवेलचा माणूस यांचा याच मार्गावरचा हिशोब वेगळा निघतो, आणि झोन बारीक ठेवण्याचं हेही एक कारण आहे.

समीकरण बसवताना लॉग-रिग्रेशन सोडून द्या. लॉगला वर्षाला ४०० प्रवाशांच्या जागी ८०० सांगणं आणि ४ लाखांच्या जागी ८ लाख सांगणं या दोन सारख्याच चुका वाटतात. त्यामुळे लहान शहरांच्या आकड्यांतले योगायोगाचे चढउतारही गुणकांना ओढतात. शिवाय खऱ्या शून्यांचा लॉग घेता येत नाही, मग लोक ती ओळ काढून टाकतात किंवा सगळीकडे १ मिळवतात, आणि दोन्हींमुळे गुणक बिघडतात. सांतोस सिल्व्हा आणि तेनरेरो यांनी २००६ मध्ये व्यापाराच्या ग्रॅव्हिटी मॉडेलवर हे स्पष्ट दाखवलं आणि त्यावर पॉयसाँ पद्धत सुचवली, जी लॉग न घेता थेट प्रवासीसंख्येवर समीकरण बसवते. आर किंवा पायथन या संगणकभाषांत ती एका ओळीत चालते. त्यात प्रत्येक उगमाला आणि प्रत्येक गंतव्याला स्वतःचा स्थिर घटक (त्या ठिकाणाचं स्वतःचं वजन) दिलात, तर मॉडेलच्या बेरजा प्रत्यक्षातल्या बेरजांशी तंतोतंत जुळतात. म्हणजेच विल्सन यांचं दोन्ही बाजूंनी बांधलेलं मॉडेल तुम्हाला आयतं मिळतं, गुणकांच्या मानक त्रुटींसह, म्हणजे ते किती भरवशाचे आहेत याच्या मापासह.

पण नव्या विमानतळाला किंवा नव्या झोनला स्थिर घटक कुठून आणणार? त्यासाठी दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात स्थिर घटकांसह अंतराचा, म्हणजे खर्चाचा गुणक काढा. दुसऱ्यात ते स्थिर घटक उत्पन्न, चारचाकी घरं, रोजगार, हॉटेलच्या खोल्या यांवर बसवा. मग ठाण्याच्या झोनांचे घटक त्या दुसऱ्या समीकरणातून येतील आणि त्यांची बेरीज मुंबई विमानतळाच्या आजच्या एकूण आकड्याशी जुळवून घेता येईल.

उड्डाणांची संख्या हा स्वतंत्र घटक म्हणून पहिल्या समीकरणात अजिबात घालू नका. आर-स्क्वेअर ०.९५ च्या वर जाईल आणि मॉडेलचा उपयोग संपेल, कारण कंपन्या मागणी पाहूनच उड्डाणं लावतात.

मॉडेल बसल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे यांत उरलेल्या फरकांकडे नीट पाहा. माझ्या मते यातलं सर्वांत शिकवणारं काम हेच आहे. मुंबई–दरभंगा घ्या. बिहारमधला दरभंगा विमानतळ नोव्हेंबर २०२० मध्ये उडान या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेत सुरू झाला. तिथलं उत्पन्न आणि अंतर पाहिलं तर मॉडेल तिथे फार थोडे प्रवासी सांगेल. प्रत्यक्षात विमानं भरून जातात, कारण त्या भागातली, म्हणजे मिथिलेतली लाखो माणसं कामासाठी बाहेर आहेत. कोची, मंगळूर, गोरखपूर, लखनौ यांचंही तसंच. डोंबिवली, वाशी, नेरूळमधली मल्याळी वस्ती किंवा भिवंडीतला पूर्वांचलचा कामगार हा लोकसंख्येच्या आकड्यात दिसतो, पण त्याचं गाव दिसत नाही. जनगणनेच्या स्थलांतराच्या तक्त्यांतून 'मागचं वास्तव्य कुठल्या राज्यात' हे जिल्ह्यानुसार मिळतं. तो नात्याचा घटक घाला. फरक लगेच आक्रसतात आणि अंतराचा गुणकही शहाण्यासारखा वागायला लागतो. गोवा आणि शिर्डी मात्र याने सुटत नाहीत, त्यांना पर्यटन आणि तीर्थाचं वेगळं वजन द्यावं लागतं.

आता विमानतळांवर वाटणी. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची. इथे लॉजिट मॉडेल वापरायचं, म्हणजे पर्यायांच्या सोयीवरून कुठे किती टक्के लोक जातील हे सांगणारं सूत्र. एक कच्चा हिशोब करून दाखवतो, आकडे निव्वळ समजुतीसाठी धरलेले.

समजा खारघरहून जुना विमानतळ ९० मिनिटं, नवा ३०. घोडबंदरहून जुना ६०, नवा ८०. दर मिनिटाचा गुणक उणे ०.०४. नुसत्या वेळेवर खारघरचे ९२ टक्के लोक नव्याकडे जातात आणि घोडबंदरचे ६९ टक्के जुन्याकडे राहतात. आता उड्डाणं घाला: दिल्लीला जुन्याहून दिवसाला २०, नव्याहून ४, आणि उड्डाणांच्या लॉगचा गुणक ०.८. खारघरचा नव्याकडचा वाटा ७५ वर उतरतो आणि घोडबंदरचा जुन्याकडचा ८९ वर चढतो. उड्डाणं समसमान झाली की पुन्हा ९२ आणि ६९. म्हणजे ठाणे शहरासाठी निर्णायक गोष्ट रस्त्यापेक्षा वेळापत्रक आहे, तर खारघर-पनवेलला विमानं मोजकी असली तरी नवाच सोयीचा. उड्डाणांची संख्या इथे घालायला हरकत नाही, कारण इथे प्रश्न निवडीचा आहे, एकूण मागणीचा नाही.

प्रवासाचा वेळ सरासरीने घेऊ नका. पहाटे पाचला ठाणे–बेलापूर रस्ता आणि संध्याकाळी सातला तोच रस्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुंबईच्या झोनांसाठी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू टोलसह धरा; शिवडीजवळच्या झोनांचं गणित त्याने बदलतं, ठाण्याचं नाही.

पडताळणीसाठी आपल्याकडे एक उत्तम उदाहरण आहे, गोवा. मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली आणि जुना दाबोळीही चालूच राहिला. दाबोळीचे प्रवासी घटले, पण दोन्हींची बेरीज वाढली. तुमचं मॉडेल २०२२ पर्यंतच्या आकड्यांवर बसवा आणि त्याला पुढच्या वर्षांचा गोवा विचारा. वाटणी जमते का आणि बेरजेतली वाढ सापडते का, हे दोन्ही पाहा. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळही त्याच नकाशात ठेवा, कारण सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मोपा जवळ पडतो. एरवीही पडताळणी करताना यादृच्छिक ओळी बाजूला काढू नका. एखादा अख्खा विमानतळ बाहेर ठेवा आणि त्याचा अंदाज काढा, कारण तुमचा खरा प्रश्न त्याच जातीचा आहे.

बेरजेतली वाढ मुंबईत गोव्यापेक्षा जास्त अपेक्षित आहे. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, आणि वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी त्यावरून जातात. स्लॉट, म्हणजे उड्डाण-उतरणीच्या ठरलेल्या वेळा, मिळत नाहीत म्हणून कोल्हापूर, नांदेड, जळगावसारख्या शहरांना सोयीच्या वेळा मिळणं कठीण. तिथला आजचा प्रवासी आकडा ही मागणी नाही, उपलब्ध आसनं आहेत. अशा जोड्या ओळखायच्या कशा? ज्या मार्गावर आसनं वर्षभर जवळजवळ भरलेली असतात आणि त्याच अंतराच्या इतर मार्गांपेक्षा भाडं चढं असतं, तिथे दाबलेली मागणी आहे असं समजा. त्या जोड्या कॅलिब्रेशनमधून वगळा किंवा 'किमान इतकी' अशा अर्थाने वापरा. मग मॉडेल त्यांच्यासाठी जो आकडा देईल तो आजच्यापेक्षा वर येईल, आणि येऊ द्या.

रेडिएशन मॉडेलबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सिमिनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेलं, गुणक न लागणारं, माणूस वाटेतल्या पहिल्या चांगल्या संधीपाशी थांबतो असं धरणारं. रोजच्या कामाच्या फेऱ्यांसाठी चांगलं आहे. विमानप्रवासात वाटेतल्या संधींमुळे माणूस थांबत नाही; ठाण्याहून कोचीला जाणारा मधल्या बंगळुरूला उतरून समाधान मानत नाही. तुलनेसाठी चालवा, त्यावर निष्कर्ष काढू नका.

आणि सगळ्यात आधी करायचं काम, जे तुम्ही खरोखर करू शकता: विमानतळावरच्या प्रवाशांची छोटी पाहणी. प्रवासी थांबतात तिथे रीतसर परवानगी घेऊन चार प्रश्न विचारा. आज कुठल्या पिनकोडहून निघालात, शेवटी कुठे पोचणार आहात, राहता कुठे, आणि हे विमान नसतं तर कसे गेला असता. हजारभर उत्तरं मिळाली तरी ठाणे–नवी मुंबईच्या झोनांची प्रमाणं, विमान बदलणाऱ्यांचा वाटा आणि रहिवासी-पाहुणा विभागणी, या तिन्ही गोष्टी एकदम हाती येतात. आठवड्याचे सातही दिवस आणि पहाटेची विमानं नमुन्यात येऊ द्या, कारण सोमवारी पहाटेचा प्रवासी आणि शनिवारी दुपारचा प्रवासी यांची गावं वेगळी, कामं वेगळी. गणपती आणि मे महिना टाळा, किंवा त्यांची वेगळी पाहणी करा.